मोबाईलवर बुद्धिबळ: डाव बघायला कुठलं अ‍ॅप, ओपनिंग शिकायला कुठलं?

 

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्यावर येऊन पडला आहे. दर रविवारी सकाळी आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये मी आठ-दहा मुलांना बुद्धिबळ शिकवतो. क्लास वगैरे काही नाही, हौस म्हणून. मुलं पट मांडतात आणि पालक मला कोपऱ्यात घेतात. प्रश्न ठरलेला: "सर, कुठलं अ‍ॅप घेऊ? वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकू का?"

दोन महिन्यांपूर्वी एका दहा वर्षांच्या मुलाची आई अशीच भेटली. मुलगा पहिली रेटिंग स्पर्धा खेळून आला होता आणि आता पटाला हात लावायला तयार नव्हता. घरात तीन अ‍ॅप्स, त्यातल्या दोनांचे पैसे भरलेले. त्याला लंडन सिस्टिम 'येत' होती. म्हणजे काय, तर पंधरा चाली तो डोळे मिटून सांगायचा. स्पर्धेत काय झालं? त्याने डी४ खेळलं, समोरून डी५. याने उंट एफ४ ला आणला, समोरून सी५. ई३ खेळलं, समोरच्याने तिसऱ्याच चालीत वजीर बी६ ला आणून बी२ च्या प्याद्यावर नजर ठेवली. ही चाल काही नवलाची नाही, लंडनवाल्यांना ती नेहमी भेटते. पण याच्या पाठात ती नव्हती. त्याने पाठातली पुढची चाल, घोडा एफ३, ठोकून दिली. वजिराने प्यादं खाल्लं आणि मुलाचं अवसान गळालं. खरं तर डाव संपलेला नव्हता. प्यादं गेलं तरी पांढऱ्याचे मोहरे भराभर बाहेर येणार होते, आणि काळा वजीर एकटाच शत्रूच्या अंगणात अडकला होता. पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अ‍ॅपने त्याला चाली दिल्या होत्या, चालीमागचं कारण दिलं नव्हतं.

तेव्हा आज अ‍ॅप्सबद्दल बोलू, पण 'टॉप टेन' यादी नको. यादी सहा महिन्यांत शिळी होते. कुठलं अ‍ॅप कुठल्या कामाचं, आणि ते आपलं काम करतंय की आपल्याऐवजी करतंय, हे ओळखता आलं की यादीची गरज उरत नाही.

आधी एक कंटाळवाणी वाटणारी गोष्ट सांगतो, कारण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पीजीएन. 'पोर्टेबल गेम नोटेशन'. १९९३ साली स्टीव्हन एडवर्ड्स यांनी हा साचा तयार केला. ही साध्या मजकुराची फाईल असते. वर खेळाडूंची नावं, स्पर्धा, तारीख, निकाल, खाली चाली. मध्ये कंसात पर्यायी चाली आणि महिरपी कंसात तुमची टिपणं. बस्स. पण जगातलं जवळजवळ प्रत्येक बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर ती वाचू शकतं. तुमचे डाव आणि तुमची ओपनिंगची वही या फाईलच्या रूपात तुमच्याकडे असेल, तर अ‍ॅप कुठलंही असो, ते बदलता येतं. नसेल, तर तुम्ही त्या अ‍ॅपचे भाडेकरू.

हे मी पोळलेल्या तोंडाने सांगतोय. पूर्वी एका अ‍ॅपमध्ये मी कारो-कानची वही बनवली होती. तीन वर्षं, रोज मेट्रोत उभ्याउभ्या थोडी थोडी. नाव घेत नाही, कारण चूक निम्मी माझीच. फोन बदलला, नव्या फोनवर अ‍ॅप टाकलं, लॉगिन केलं, आणि वही कोरी. सगळं जुन्या फोनच्या पोटातच राहिलं होतं, आणि तो फोन मी बदल्यात देऊन मोकळा झालो होतो. मोठ्या नावावर विसंबूनही उपयोग नाही. चेस२४ ही किती मोठी साइट होती! २०२२ मध्ये ती चेस डॉट कॉमच्या पंखाखाली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली.

म्हणून पैसे भरण्याआधी पाच मिनिटांची एक परीक्षा घ्या. अ‍ॅपमध्ये दहा चाली टाका, सहाव्या चालीला एक पर्याय जोडा, मराठीत एक टिपण लिहा: 'इथे घाई नको', काहीही. मग ती पीजीएन म्हणून बाहेर काढा आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करा. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून बघा. पर्याय आला? मराठी अक्षरं शाबूत आहेत, की प्रश्नचिन्हांची माळ झाली? हे जमलं तर पुढे बोलू.

आता डाव बघण्याकडे येतो.

आमच्या लहानपणी सांगलीत डाव बघायचा म्हणजे नूतन बुद्धिबळ मंडळात जाऊन खेळणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं. १९४१ पासूनचं मंडळ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ते असं काही जोपासलं की सांगलीचं नाव हळदीबरोबर बुद्धिबळासाठीही घेतलं जाऊ लागलं. परदेशातले डाव मासिकात यायचे, तेही महिन्या-दोन महिन्यांनी. मासिक उघडायचं, चालींवर पोस्टकार्ड ठेवायचं, एक ओळ खाली सरकवायची, पुढची चाल स्वतः ओळखायची आणि मग कार्ड सरकवायचं. या पोस्टकार्डाकडे मी परत येणार आहे.

आज डाव घडतोय तेव्हाच तो आपल्या हातात असतो. मोठ्या स्पर्धांत लाकडी पटाखाली सेन्सर असतात. नेदरलँड्सच्या डीजीटी कंपनीचे पट सगळ्यात जास्त दिसतात. मोहरा उचलला-ठेवला की चाल संगणकात जाते आणि तिथून जगभर. काही स्पर्धांत ती मुद्दाम दहा-पंधरा मिनिटं उशिरा सोडतात, बाहेरून कुणी खेळाडूला इशारा करू नये म्हणून. त्यामुळे 'माझं अ‍ॅप मागे पडतंय' म्हणून लगेच अ‍ॅप बदलू नका. आणि कधीकधी डाव संपल्यावर राजा अचानक पटाच्या मध्यात उडी मारलेला दिसतो. ती चाल नसते. निकाल नोंदवायला राजे मध्यावर ठेवायची पद्धत आहे, सेन्सरला ते कळत नाही एवढंच.

बघण्यासाठी माझ्या फोनवर लिचेस आहे. २०१० मध्ये फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी सुरू केलेलं, आता देणग्यांवर चालणाऱ्या ना-नफा संस्थेचं. जाहिरात नाही, पैसे नाहीत, 'प्रीमियम' नाही. त्याच्या ब्रॉडकास्ट विभागात जगातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा दिसतात. चेस डॉट कॉमच्या अ‍ॅपमध्येही स्पर्धांचा विभाग आहे आणि तिथे समालोचनाचा व्हिडिओ जोडीला मिळतो, नवशिक्याला तो फार आधार देतो. नुसत्या थेट डावांसाठी फॉलो चेस नावाचं अ‍ॅपही आहे. आवडत्या खेळाडूवर नजर ठेवायची असेल तर सुटसुटीत. समालोचनासाठी मुंबईचे आंतरराष्ट्रीय मास्टर सागर शहा यांचं चेसबेस इंडिया आहेच. भारतीय पोरांचे डाव किती आपुलकीने सांगतात, ते ऐकलं असेलच तुम्ही.

हे सगळं फुकटात मिळतं. मग अडचण कुठे? अडचण त्या पटाशेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत आहे.

ती पट्टी म्हणजे इंजिनाचं मत. बहुतेक ठिकाणी हे इंजिन स्टॉकफिश असतं. मुक्त स्रोताचं, आणि कुठल्याही माणसापेक्षा कितीतरी ताकदवान. पट्टी पांढऱ्याकडे वाढली की पांढरा वरचढ. १२ डिसेंबर २०२४ आठवा. सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा डाव. डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर ठेवला आणि पट्टी धाडकन काळ्याकडे कोसळली. आपण सगळे सोफ्यावरून ओरडलो. ज्यांना उंट कसा चालतो एवढंच ठाऊक, तेही ओरडले. पटासमोर बसलेल्या गुकेशला मात्र ते उमगायला काही क्षण लागले. हत्तींची मारामारी होईल, मग आपला उंट डी५ वर येईल, डिंगचा उंट कोपऱ्यात अडकलेला असल्यामुळे त्याला उंटही बदलून द्यावा लागेल, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या डावात आपलं एक प्यादं जास्त. एवढं सगळं त्याने डोक्यात मांडलं. आपण यातलं काहीच मांडलं नाही. आपल्याला उत्तर कळलं, गणित नाही.

आता गंमत बघा. याच गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी लहानपणी बराच काळ इंजिनापासून दूर ठेवलं होतं. ग्रँडमास्टरच्या पातळीला येईपर्यंत त्याची तयारी इंजिनाशिवाय झाली, हे दोघांनीही सांगितलेलं आहे. आणि आमच्या क्लबहाउसमधला आठ वर्षांचा बाळ्या तिसऱ्या चालीला विचारतो, "काका, पट्टी काय म्हणते?"

तर बघण्यासाठी अ‍ॅप निवडताना माझी पहिली चौकशी: पट्टी बंद करता येते का? लिचेसवर येते. पट्टी बंद करा आणि ते पोस्टकार्ड परत आणा. नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक आपल्या गोव्यात झाला, ते डाव अजून तसेच साठवलेले आहेत. किंवा जुलै २०२५ मधला बाटुमीचा अंतिम सामना घ्या, नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, मग रॅपिडमध्ये दिव्या जिंकली, विश्वचषक तिचा आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही. एका बाजूला बसा, चाल ओळखा, मनाशी कारण म्हणा, मगच बटण दाबा. एका डावाला पाऊण तास लागेल. पण तो पाऊण तास तुमचा आहे. इंजिन शेवटी उघडा, जिथे तुमचं आणि खेळाडूचं जमलं नाही तेवढ्याच जागी.

मराठी घरांसाठी आणखी एक सोय. सेटिंगमध्ये चाली इंग्रजी अक्षरांऐवजी मोहऱ्यांच्या चित्रांनी दाखवायचा पर्याय असतो, तो चालू करा. आपला उंट इंग्रजीत बिशप आणि हत्ती रूक, त्यामुळे लहान मुलं 'बी' आणि 'आर' मध्ये गोंधळतात. आमच्याकडे तर अर्धी मुलं कन्नड बोलणारी. त्यांचा आने, कुदुरे, ओंटे. चित्रांवर सगळ्यांचं एकमत होतं.

आता ओपनिंग. इथे अ‍ॅप्सची खरी गर्दी आहे आणि पैसेही इथेच जातात.

ओपनिंगच्या अभ्यासात दोन वेगवेगळी कामं असतात आणि लोक ती एकत्र कालवतात. एक, कुठल्या जागी लोक काय खेळतात ते शोधणं. दुसरं, आपण काय खेळायचं हे ठरवून ते लक्षात ठेवणं. शोधायला एक्सप्लोरर लागतो, लक्षात ठेवायला उजळणी करून घेणारं अ‍ॅप लागतं.

एक्सप्लोरर म्हणजे काय, तर समोरची स्थिती आजवर किती डावांत आली, पुढे कुठली चाल किती वेळा खेळली गेली, आणि निकाल काय लागले, याचा तक्ता. त्यात ओपनिंगच्या नावाशेजारी सी५७, बी१२ असे आकडे दिसतात, ते बेलग्रेडच्या ओपनिंग ज्ञानकोशाचे सांकेतिक क्रमांक. ए०० ते ई९९, एकूण ५०० कप्पे. पाठ करायची गरज नाही, पण कारो-कानचं पुस्तक शोधताना उपयोगी पडतात.

लिचेसच्या एक्सप्लोररमध्ये मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं, ते एका उदाहरणाने सांगतो. पट असेल तर मांडा. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि आता पांढरा घोडा जी५. एफ७ वर दोघांचा डोळा. काळा डी५ खेळतो, पांढरं प्यादं ते खातं. आता काळ्याने काय करायचं? 'मास्टर्स' असं लिहिलेला कप्पा उघडा. त्यात २२०० च्या वर रेटिंग असलेल्यांचे पटावरचे डाव आहेत. तिथे जवळजवळ सगळे घोडा ए५ खेळतात, उंटावर चाल करून. आता शेजारचा लिचेसचा कप्पा उघडा, तुमच्या-माझ्यासारख्यांचे ऑनलाइन डाव, आणि रेटिंगची चाळणी खाली, हजार-बाराशेवर आणा. चित्र पालटतं. तिथे ढीगभर लोक घोड्याने डी५ चं प्यादं खातात. मग पांढरा घोडा एफ७ वर उडी घेतो, राजा त्याला खातो, वजीर एफ३ वरून शह देतो, आणि काळा राजा ई६ वर, भर चौकात उभा राहतो.

आता सांगा, तुमची मुलगी बाराशेच्या गटात खेळते. तिने कुठल्या तक्त्यावरून तयारी करायची? नुसता मास्टर्स बघून केली तर रविवारी जी चाल समोर येणार तीच तिने बघितलेली नसेल. लंडनवाल्या आपल्या मुलाचं नेमकं हेच झालं. चाळणी खाली आणली असती तर 'वजीर बी६' त्याला घरीच भेटला असता. म्हणून एक्सप्लोरर निवडताना विचारा: रेटिंगची चाळणी आहे का? आणि माझे स्वतःचे डाव त्यात टाकता येतात का? लिचेसवर तिसरा कप्पा खेळाडूचा असतो, त्यात स्वतःचं नाव घाला. आपण कुठल्या चालीला सतत मार खातो हे तिथे नागडं दिसतं. मला स्वतःला ते बघून तीन दिवस झोप लागली नाही.

टक्केवारीच्या बाबतीत मात्र सावध. एखाद्या चालीपुढे 'पांढरा १०० टक्के विजयी' दिसलं तर आधी डाव किती ते बघा. दोनच असतील, आणि त्यातल्या एकात काळ्याचा वेळ संपला असेल.

दुसरं काम, लक्षात ठेवण्याचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग सावकाश विसरलं जातं. विसरायच्या बेतात असताना उजळणी केली तर ते जास्त टिकतं. आपल्या पाढ्यांच्या मास्तरांना हे न वाचताच माहीत होतं. चेसेबल या अ‍ॅपचा सगळा डोलारा यावर उभा आहे. तुम्ही चाल बरोबर खेळलात की ती काही तासांनी, मग दिवसाने, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारतं. चुकलात की मोजणी पहिल्यापासून. पद्धत चांगली आहे आणि फुकट छोटे कोर्सही बरेच आहेत. 'शॉर्ट अँड स्वीट' नावाने शोधा.

पण माझं स्पष्ट मत सांगतो. दहा-बारा वर्षांच्या, हजार-बाराशे रेटिंगच्या मुलाला मोठा, महागडा कोर्स घेऊन देऊ नका. त्या कोर्समध्ये शेकडो ओळी असतात. मूल रोज शाळेतून येतं आणि अ‍ॅप म्हणतं, 'आज ८० चालींची उजळणी बाकी'. तो गृहपाठ होतो. मग मूल चाल बघत नाही, मागच्या वेळी बोट कुठे ठेवलं होतं ते आठवतं. हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. प्रौढ हौशी खेळाडू असाल, पंधराशेच्या वर असाल, रोज वीस मिनिटं काढू शकत असाल, तर जरूर घ्या.

त्याऐवजी मुलांसाठी मी लिचेसची 'स्टडी' वापरतो. ही एक वही आहे. एका वहीत ६४ धडे मावतात, योगायोग छान आहे. प्रत्येक धड्यात एक डाव किंवा एक ओळ, बाण काढता येतात, मराठीत टिपणं लिहिता येतात, वही खाजगी ठेवता येते, आणि पीजीएन म्हणून सगळी बाहेर काढता येते. धड्याचा प्रकार 'इंटरॅक्टिव्ह' निवडला की पुढच्या चाली झाकल्या जातात आणि मुलाला स्वतः खेळून दाखवाव्या लागतात. ओळखीचं वाटतंय? तेच पोस्टकार्ड. वही बनवायचं काम मात्र लॅपटॉपवर करा, किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये. छोट्या पडद्यावर पर्याय जोडताना बोटं चुकतात आणि चिडचिड होते.

नेटचंही बोलून घेऊ. एक्सप्लोरर आणि थेट डाव नेटशिवाय चालत नाहीत. मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सांगलीला निघतो तेव्हा रात्री मध्येच नेट गायब होतं. अशा वेळी फोनमध्येच पीजीएन फाईल आणि इंजिन असलेलं अ‍ॅप लागतं. अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश आहे, जुन्या वळणाचं, दिसायला रुक्ष, पण फुकट आणि विश्वासू. इंजिन फार वेळ चालू ठेवलं तर फोन तापतो आणि बॅटरी बसते, हे स्वानुभवाने. मिरजेला उतरून रिक्षावाल्याला फोनवरून पैसे द्यायची वेळ आली तेव्हा कळलं.

चेस डॉट कॉमबद्दल मी कमी बोललो, त्याचा अर्थ ते वाईट असा नाही. २००७ पासूनचं, जगातलं सगळ्यात मोठं, खेळायला कधीही जोडीदार मिळतो. डाव संपल्यावर 'इथे चुकलात, का चुकलात' हे सोप्या शब्दांत सांगायची त्यांची पद्धत नवशिक्यांना आवडते. पण फुकट खात्यावर त्याला मर्यादा आहे, आणि जास्त हवं तर वर्गणी. वर्गणी बदलत असते, ती अ‍ॅपमध्येच बघा, आणि एका महिन्याची घ्या. वर्षाची सवलत मोहात पाडते, पण दहा वर्षांच्या मुलाच्या छंदाचं वर्षभराचं भाकीत कोण करणार? लहान मुलांसाठी त्यांचंच चेसकिड वेगळं आहे. लिचेसवर 'किड मोड' आहे, तो लावला की गप्पांची खिडकी बंद होते. दोन्हीकडे हे आधी करा, मग फोन मुलाच्या हातात द्या.

आता बेंगळुरूत राहून ज्या दोन गोष्टी टाळता येत नाहीत, त्या.

पहिली, इंजिन उघडं ठेवून खेळणं. जून २०२१ मध्ये कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी ऑनलाइन खेळले. आमच्या शहरातले उद्योजक निखिल कामत तो डाव जिंकले, आणि गदारोळ झाल्यावर त्यांनी स्वतःच जाहीर केलं की डावाचं विश्लेषण करणाऱ्यांची आणि संगणकाची मदत होती. चेस डॉट कॉमने त्यांचं खातं बंद केलं होतं, नंतर ते परत सुरू केलं. मोठ्यांचं काय, निभावून जातं. पण शाळकरी मुलाने शेजारच्या टॅबलेटवर इंजिन लावून चार डाव जिंकले तर खातं जातं, आणि अकादमीत नाव खराब होतं. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं की विश्लेषणाचं अ‍ॅप डाव संपल्यावर उघडायचं. घरी बसवून सांगा. पटावरच्या स्पर्धेत तर नियम आणखी कडक. हॉलमध्ये फोन जवळ सापडला तरी डाव जाऊ शकतो. २००३ मध्ये युक्रेनच्या रुस्लान पोनोमारियोव्हचा, तेव्हाच्या फिडे विश्वविजेत्याचा, युरोपियन सांघिक स्पर्धेत फोन वाजला आणि डाव गेला. म्हणजे ज्या फोनवर सगळा अभ्यास, तोच बाहेर ठेवून आत जायचं आहे.

दुसरी, पैसे लावून खेळायची अ‍ॅप्स. या शहरात गेमिंग कंपन्या भरपूर. काही वर्षं पाच-दहा रुपये लावून बुद्धिबळ खेळवणारी अ‍ॅप्स जोरात होती, आणि 'हा तर कौशल्याचा खेळ' म्हणून पालकही कानाडोळा करायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळवणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, कौशल्याचे असोत की नशिबाचे. तरी एखादं अ‍ॅप 'खेळा आणि जिंका' म्हणत बँकेचे तपशील मागत असेल, तर ते काढून टाका. डाव बघायला आणि ओपनिंग शिकायला बँकेचा तपशील लागत नाही.

आता त्या मुलाचं काय केलं ते सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. तीन अ‍ॅप्सपैकी दोन काढली. वर्गणीचे उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, त्याच्या आईने ते सोडून दिले. लिचेस ठेवलं, पट्टी बंद, किड मोड चालू. एक वही उघडली आणि तिचा पहिला धडा म्हणजे त्याचा तोच हरलेला डाव. सुरुवातीला नको म्हणाला. मग चौथ्या चालीपाशी थांबून आम्ही दोघांनी पटावर शोधलं: बी२ वाचवायला काय काय करता येतं, आणि तिकडे दुर्लक्ष करून घोडा सी३ वर आणला तर वजिराचं काय होतं. ते त्याला इतकं आवडलं की टिपण त्याने स्वतः लिहिलं, मराठीत, एका बोटाने: 'वजीर आला तर घाबरू नको, घोडा काढ.' दुसऱ्या धड्यात बाराशेच्या चाळणीतून निघालेली पुढची नेहमीची चाल. वहीत आत्ता अकरा धडे आहेत. दर रविवारी स्पर्धेतून किंवा क्लबहाउसमधून जो डाव हरतो, त्याचा एक धडा वाढतो. जिंकलेले तो मला नुसते तोंडी सांगतो.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याची आई वहीचं पीजीएन काढून स्वतःला मेल करते. तेवढं तुम्हीही आज करून टाका, हा भाग बंद केल्या केल्या. पुढच्या रविवारी भेटू.